हरवलेली नाडी

नाडीवर आपल्या लोकांचा मोठा विश्वास. वैद्य तिच्यावरून रोग ओळखतो, आणि ती लागेनाशी झाली म्हणजे घरांतील वडील माणूस देवघरांतला गंगेचा गडू काढावयास उठतो. आमच्या कन्येच्या डाव्या मनगटाला मात्र गेलीं सात वर्षें नाडी लागत नाहीं. आणि ती रोज सकाळीं शाळेंत भूगोल शिकवावयास जाते.

या दुखण्याला ताकायासूचा धमनीदाह म्हणतात. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्यानें १९०८ सालीं एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचीं विलक्षण कडीं वर्णिलीं. तशाच रोग्यांच्या मनगटीं नाडी लागत नाहीं, हें त्याच्या दोघां समव्यवसायींनीं नमूद केलें. शरीराची संरक्षक यंत्रणाच महाधमनीवर व तिच्या थोर शाखांवर उलटते. भिंती सुजून जाड होतात आणि आंतली वाट अरुंद होत जाते. रोग बहुधा तरुण स्त्रियांना गांठतो. प्रारंभीं बारीक ताप, थकवा, वजन उतरणें यांपलीकडे तो सहसा कांहीं बोलत नाहीं. हाताला रक्त मिळतें तें आजूबाजूच्या लहान वाहिन्यांच्या आडवाटांनीं. म्हणून हात जगतो, पण दोरीवर चार कपडे वाळत घातले कीं भरून येतो. त्या हातावर मोजलेला रक्तदाब खोटाच कमी निघतो, आणि खरा वाढलेला दाब लपून राहतो. म्हणून प्रत्येक नव्या परिचारिकेपुढें ती आपण होऊन उजवा हात करते.

औषधाची कथाही दुधारीच. १९४८ सालीं अमेरिकेंत फिलिप हेंच यांनीं संधिवाताच्या एका रोगिणीस कॉर्टिसोन दिलें. आमच्या घरची प्रेडनिसोलोनची गोळी त्याच कुळांतली. तिनें दाह शमला, पण चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला. पाहुण्यांनीं "आतां तब्येत सुधारली हो!" म्हणून कौतुक केलें, कन्येनें आरशावर ओढणी टाकली. ही गोळी एकदम सोडतां येत नाहीं. बाहेरच्या पुरवठ्यामुळें शरीरांतल्या ग्रंथी आपलें काम विसरलेल्या असतात. ती महिनेमहिने थोडी थोडी उतरवावी लागते. जोडीला मेथोट्रेक्सेट, तें आठवड्यांतून एकदांच. आमच्याकडे रविवार त्याचा. गर्भाला तें घातक. मूल हवें असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें तें आधींच बंद करून दुसरें औषध घ्यावें लागतें.

परवां एका स्थळाकडील वडीलधाऱ्या गृहस्थांनीं विचारलें, "मुलगी आतां पूर्ण बरी आहे ना?" प्रश्न सरळ होता, विचारणारे सज्जन होते; पण आम्हांला उत्तर सुचेना. कन्याच म्हणाली, "काका, रोग सध्यां शांत आहे. गोळ्या चालू आहेत. तो पुन्हां उठूं शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनीं रक्त तपासून घेतें." त्यांचें पत्र अद्याप आलेलें नाहीं.

आपल्या बोलण्यांत 'आजारी' आणि 'बरा' या दोन शब्दांच्या मध्यें उभें राहावयास जागाच नाहीं. मधुमेही, दमेकरी आणि अशीं कितीतरी माणसें त्या बिननांवाच्या जागेंतच आयुष्य काढतात. नोकऱ्या करतात, सण साजरे करतात. "बरें झालांत का?" या प्रश्नाला त्यांनीं काय सांगावें? त्यापेक्षां "आज कसें काय?" असें विचारलें, तर खरें उत्तर देतां येतें. आम्ही घरांत तेंच विचारतों. बहुधा उत्तर येतें, "आज वह्या फार आहेत."