गाडीचे ॲव्हरेज

‘ॲव्हरेज’ हा शब्द मराठीत दोन घरी दोन तऱ्हांनी नांदतो. आमच्या कॉलेजात एखादा विद्यार्थी ‘ॲव्हरेज’ आहे असे म्हटले, की त्याच्याविषयी पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. रस्त्यावर मात्र ‘ॲव्हरेज’ म्हणजे एका लिटरात गाडी किती किलोमीटर धावते तो आकडा, आणि त्याविषयी माणसे तासन् तास बोलू शकतात. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी एकदा स्टाफरूममध्ये ‘इंधन-सरासरी’ असा प्रतिशब्द सुचवून पाहिला. फिजिक्सच्या सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारले, “मग तुमच्या गाडीची सरासरी किती?”

मी विषय बदलला. कारण आमच्या गाडीचे ॲव्हरेज बारावर आले होते.

गाडी म्हणजे मारुती ओम्नी, 1996 ची. खरे तर ती गाडी नव्हेच, ते आमचे दुसरे घर. परदेशात म्हणे स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर असलेली फिरती घरे मिळतात. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. असले घर त्यांच्या पगारात बसणारे नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वतःच बनवले. मागची सीट आडवी करून वर प्लायवूडची फळी, फळीवर कापसाची गादी, फळीखाली रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि डाळ-तांदळाचे डबे. या घरात आम्ही जेजुरीला झोपलो आहोत, गणपतीपुळ्याला झोपलो आहोत, आणि एकदा कोयनानगरजवळ धो धो पावसात रात्रभर जागेही राहिलो आहोत. ताई आणि मी फळीवर, आई पायाशी, आणि बाबा पुढच्या सीटवर मुडपून.

बाबांना वही ठेवण्याची शिस्त. दर वेळी टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर आणि लिटर टिपायचे, भागाकार करायचा. पहिल्या सहा वर्षांत आकडा सोळाच्या आसपास. मग 2002 च्या मे महिन्यापासून तो एकाएकी चौदावर उतरतो आणि तिथेच राहतो. मी हा उतार कितीदा तरी पाहिला होता, पण गाडी जुनी होणारच असे मनाशी म्हणून पान उलटले होते.

यंदा मात्र प्रश्न आला तो नोंदणीच्या नूतनीकरणाचा. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ही फी दहा हजार रुपये झाली. सौभाग्यवतींनी हिशेब मांडला: दहा हजार फी, विमा, आणि वर बाराचे ॲव्हरेज. “अहो, भावनेला पेट्रोल लागत नाही, गाडीला लागतं,” त्या म्हणाल्या. वाक्य इतके चांगले होते की मला उत्तर सुचेना. शेवटी तडजोड ठरली. चौदा आले तर गाडी राहील; नाही तर भंगारात.

आमच्या खडकीत एका गोष्टीला तोटा नाही, ती म्हणजे जाणते मिस्त्री. 5 नोव्हेंबर 1817 ला इथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, आणि पुढे लष्कराने इथे जो मुक्काम ठोकला तो ठोकलाच. छावणी, कारखाने, लष्करी वाहनांचे वर्कशॉप. त्यातून निवृत्त झालेली माणसे बाजाराच्या आसपास लहानशी गॅरेजे टाकून बसतात. त्यांतल्याच एका उस्तादांकडे मी गाडी नेली. बाबा मागे बसले होते. काचबिंदूमुळे त्यांना आता फारसे दिसत नाही, पण गाडी दुरुस्तीला निघाली की त्यांना घरी बसवत नाही.

ज्यांनी ओम्नी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिचे इंजिन नाकात नसते, पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की इंजिन. उस्तादांनी सीट उचलली, पहिल्या प्लगच्या वायरीला दिवा जोडला, आणि फिरत्या चाकावरच्या खुणेवर त्याचा उजेड धरला. ठिणगीगणिक दिवा लुकलुकत असल्यामुळे गरगर फिरणारी खूण एका जागी थिजल्यासारखी दिसते. ते बराच वेळ पाहत राहिले.

“टायमिंग मागे आहे, सर.”

मग त्यांनी मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. पेट्रोलची वाफ ठिणगी पडताच एकदम पेटत नाही; ज्वाळा पसरायला सेकंदाचे दोन-एक सहस्रांश लागतात. एवढ्याशा वेळाची काय पत्रास, असे वाटेल. पण मिनिटाला तीन हजार फेरे घेणारे इंजिन एक फेरा सेकंदाच्या वीस सहस्रांशात संपवते. म्हणजे ज्वाळा पसरेतो फेऱ्याचा दहावा भाग होऊन जातो. म्हणून दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते, म्हणजे तो खाली वळताच पुरा दाब त्याच्यावर येतो. किती आधी, यातच सारे इंगित. उस्ताद म्हणाले, “झोक्यासारखं आहे. झोका तुमच्याकडे येत असताना ढकलला तर हाताला मार. लांब गेल्यावर ढकलला तर जोर फुकट.” अलंकार शिकवताना इतका चपखल दृष्टांत मला कधी सुचलेला नाही.

ठिणगी फार लवकर पडली, की उरलेली वाफ भडकून इंजिनातून टक् टक् आवाज येतो. यालाच ‘ठोकणे’ म्हणतात, आणि दीर्घकाळ ठोकले तर दट्ट्याला भोक पडू शकते. ठिणगी उशिरा पडली तर आवाज नाही, फक्त पेट्रोल जास्त जाते. ही वेळ पुढेमागे करायची ती ‘डेल्को’ फिरवून. डेल्को म्हणजे ठिणगी वाटून देणारी डबी. मूळ नाव एका अमेरिकन कंपनीचे. आपल्याकडच्या मिस्त्र्यांनी ते वस्तूलाच देऊन टाकले.

उस्तादांनी डेल्कोच्या बुडाशी बोट नेले. तिथे पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा होत्या, एक डबीवर, एक इंजिनावर, आणि दोघींत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर.

“हा सरकलेला नाही. हिशेबाने मागे घेतलाय कुणी तरी.”

मागून बाबा म्हणाले, “मीच घेतला.”

2002 च्या मेमध्ये आम्ही जेजुरीला निघालो होतो. ऊन मी म्हणत होते, गाडीत चार माणसे आणि सगळा संसार, आणि दिवे घाटात इंजिन ठोकू लागले. आई पुढे, बरोबर त्या आवाजावर बसलेली. ती फार भ्यायली. काही तरी फुटणार असेच तिला वाटले. परत आल्यावर बाबांनी रेघा ओढून डेल्को मागे घेतला. त्यानंतर घाटात आवाज आला नाही. दोन किलोमीटरचा तोटा त्यांनी मुकाट्याने वहीत लिहिला, कारण मात्र लिहिले नाही.

“तेव्हा बरोबरच केलंत,” उस्ताद म्हणाले. त्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेनचा आकडा 88 च्या घरात असे. असले पेट्रोल लवकर ठोकते. आता इथेनॉल मिसळलेले मिळते त्याचा 95. हे ठिणगीची घाई सोसते. (ॲव्हरेज मात्र ते सहा-सात टक्के खाते, कारण इथेनॉलात उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच.) शिवाय डेल्कोला जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळीही चिरलेली निघाली. हलक्या चालीत ठिणगी आणखी आधी पाडायचे काम तिचे. ते बंद पडल्यामुळे चौदाचे बारा झाले होते.

नळी बदलली. पाना ढिला झाला, डबी केसभर फिरली, इंजिनाचा सूर चढला. मी म्हटले, “उस्ताद, अजून थोडं पुढे घ्या की. सतरा येतील.”

“सर, पोरांना प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी देता का?” असे म्हणून त्यांनी पाना आवळला.

मग हात पुसता पुसता ते सहज बोलले, “आता ही सीटपण कमी तापेल. टायमिंग मागे असलं की इंजिन जास्त गरम होतं. पुढे बसणाऱ्याला चटके बसत असतील इतकी वर्षं.”

बाबा काहीच बोलले नाहीत. मला मात्र त्या सीटवरची गोधडी आठवली. चौघडी घातलेली, आईच्या जुन्या साडीची. ती हात लावू देत नसे. ताई म्हणायची, आईला मऊ बसायला लागतं.

त्या रविवारी टाकी भरून आम्ही जेजुरीला गेलो. दिवे घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मी कान टवकारून होतो. बाबांनी तर श्वासही रोखला असावा. आवाज आला नाही. परत येऊन टाकी भरली. एकशे दहा किलोमीटर, आठ लिटर. मी मोबाईलवर भागाकार केला: पावणेचौदा. सौभाग्यवतींपुढे आकडा ठेवताना माझी अवस्था निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखी होती. त्या बाबांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “पाव मार्काची ग्रेस द्यायला काय जातं?”

बाबा अजून पुढच्या सीटपाशीच उभे होते. गोधडी बाजूला सारून त्यांनी रेक्झिनवर तळवा टेकवला होता, आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

“कोमट आहे,” ते म्हणाले. “वहीत लिही.”

“काय लिहू, बाबा? ॲव्हरेज?”

“ते लिहीच. आणि कारणही लिही. 2002 च्या पानावर.”