दर सहा तासांनी

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. बंड्याचे मागचे पाय लुळे पडले, ऑपरेशन झेपणार नाही असं तुम्ही ठरवलंत आणि आता घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो चाकांची गाडी मागवू, दुसरा म्हणतो इंजेक्शन देऊन सोडवू. मला दोन्ही बाजूंची गफलत एकच वाटते, दोघांचीही नजर पायांवर खिळली आहे. मागून लुळं पडलेलं कुत्रं किती दिवस आणि किती सुखात जगेल, हे पायांपेक्षा जास्त त्याच्या मूत्राशयावर आणि कातडीवर ठरतं. तेव्हा आधी एवढंच बघायला हवं की ते मूत्राशय दर सहा तासांनी रिकामं करायला तुमच्या घरात कुणी आहे का. गाडी की इंजेक्शन, हा वाद त्यानंतरचा.

पायांचं थोडक्यात सांगतो. बंड्यासारख्या डॅशहंडच्या मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात. ज्या जनुकीय बदलाचा या जातीच्या आखूड पायांशी संबंध आहे, त्याचाच याच्याशीही आहे. एखादी चकती फुटते, बहुधा बरगड्या संपतात त्या सुमारास, आणि मज्जारज्जू दाबला जातो. पुढे काय होईल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज एका साध्या तपासणीतून येतो. डॉक्टर चिमट्याने पायाच्या बोटाचं हाड दाबतात. पाय आखडला म्हणून हुरळून जायचं नाही, कारण ती हालचाल मेंदूला न विचारता खालच्या खाली होते. कुत्र्याने मान वळवली, केकाटलं, चावायला धावलं, तरच वेदना वर पोहोचते आहे असं समजायचं. ती शाबूत असेल तर ऑपरेशननंतर दहातली नऊएक कुत्री पुन्हा चालतात. गेली असेल तर साधारण निम्मी. बंड्याची वेदना शाबूत आहे असं तू लिहिलंस. म्हणजे ऑपरेशनशिवायही आशा आहे, फक्त ती कमी खात्रीची आणि संथ. त्यासाठी चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात किंवा आडोसा करून सक्त विश्रांती हवी. तेल लावून पाठ रगडणाऱ्या हितचिंतकांना उंबऱ्याबाहेरच ठेव. आणि घरातली आयब्युप्रोफेनची गोळी चुकूनही देऊ नकोस; कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक असते, स्टेरॉइड चालू असेल तर आणखीच. (बंड्याला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलेली आहे म्हणून हे सगळं निर्धास्त लिहितोय. लस न टोचलेलं कुत्रं अचानक लुळं पडलं, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, तर त्याच्या तोंडाला हात लावायचा नसतो.)

आता खरा मुद्दा. अंथरूण ओलं दिसलं की घरचे म्हणतात, चला, लघवी तरी आपली आपण करतोय. पुष्कळदा तसं नसतं. मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि न मावलेलं तेवढं गळत असतं. असं ताणलेलं राहिलं तर त्याचा स्नायू कायमचा ढिला पडू शकतो आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. संवेदना गेलेल्या कुत्र्याला जळजळ जाणवत नाही, म्हणून ते कुरकुरतही नाही. लघवी गढूळ झाली, वास बदलला, ताप आला, की मग आपल्याला कळतं. म्हणून दिवसातून चार वेळा दाबून लघवी काढायची. त्याला उभं धरायचं, मागच्या मांड्यांच्या पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे सपाट टेकवायचे, पाणी भरलेल्या फुग्यासारखी गोलाई हाताला लागली की संथ, सलग दाब द्यायचा. बोटं रुतवायची नाहीत. काही कुत्र्यांचं मूत्राशयाचं तोंड घट्ट आवळलेलं असतं; तिथे जोर करायचा नाही, ते सैल करणारी औषधं असतात, डॉक्टरांना विचारायचं. कातडीचंही असंच रोजचं काम आहे. दर चार तासांनी कूस बदलायची, फोमवर रेग्झीन आणि त्यावर कोरडं सुती कापड घालायचं, मागचे केस बारीक कापायचे. डायपर दिवसभर बांधून ठेवलात तर आतली कातडी लघवीने सोलून निघते. पावसाळ्यात ओल्या केसांवर माशी बसली तर दुसऱ्या दिवशी जखमेत अळ्या दिसू शकतात.

तुझ्या शेजाऱ्यांचा आक्षेप असा की हे त्याला तडफडत ठेवणं आहे. लुळेपणा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चकती फुटल्यावर सुरुवातीला दुखतं आणि त्यावर औषध द्यावंच लागतं. पण तो काळ ओसरल्यावर मागून लुळं असलेलं कुत्रं नीट जेवतं, दारावरची बेल वाजली की भुंकतं, पुढच्या पायांवर ओढत का होईना बघायला येतं. शेजारी दाखला देतात तो म्हाताऱ्या जर्मन शेफर्डचा. त्या जातीत आढळणारा, हळूहळू पुढच्या पायांपर्यंत चढणारा मज्जारज्जूचा आजार निराळा आहे. तो दुखत नाही, पण त्यावर उपायही नाही. त्याचं भाकीत बंड्याला लावता येणार नाही. मात्र इंजेक्शनची बाजू मी उडवून लावत नाही. वेदना आटोक्यात येत नसेल, शय्याव्रण भरत नसतील, संसर्ग पुन्हा पुन्हा मूत्रपिंडापर्यंत जात असेल, तर डॉक्टरांच्या हातून शांतपणे निरोप देण्यात क्रौर्य नाही. पहिल्या एकदोन आठवड्यांत लुळेपणा वर सरकू लागला, श्वास जड झाला, तर लगेच दवाखाना गाठा. तसं घडतं ते बहुतेक बोटाचं हाड दाबूनही वेदना न कळणाऱ्या कुत्र्यांत, पण घडतं तेव्हा थांबायला वेळ नसतो.

गाडी वाईट नाही, तिची घाई वाईट. विश्रांतीचे आठवडे संपेपर्यंत तिचा विषय काढू नका. नंतरही ती फिरण्यापुरती, नजरेसमोर, थोड्या थोड्या वेळासाठी. तिच्यात बसता-लोळता येत नाही. तोवर पोटाखालून जुना पंचा घालून मागचा भार उचलला तरी शी-शूपुरतं भागतं. 'एखाद्या आश्रमात देऊ' हा तिसरा पर्यायही कुणी सुचवेल, पण तो मला पटत नाही. जिथे लुळ्या कुत्र्यांची रांग असते तिथे प्रत्येकाला दिवसातून चारदा हात लागणं फार अवघड. आणि कुठेतरी सोडून येणं तर 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाच.

राहिला 'माणसांचं करायला वेळ नाही, तिथे कुत्र्याचं कोण करणार' हा आक्षेप. हाच मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो खरा आहे. तू साडेआठला निघतोस, मुलं क्लासला. दुपारी एकची पाळी न बोलता तुझ्या बायकोवर येणार आणि 'आपण सगळे मिळून करू' म्हणणारे संध्याकाळी घरी येणार. त्यामुळे या निर्णयात सर्वांचं मत सारखं नाही; जिचे हात लागणार तिचं मत आधी. ती नाही म्हणाली तर तिला निष्ठुर ठरवायचं नाही. हो म्हणाली तर सकाळी सहा, संध्याकाळी सात आणि रात्रीची पाळी तुझी, दुपारची तिची आणि रविवारी तीही तुझीच. औषधाच्या डब्यावर वही ठेवा. किती वाजता, किती झाली, रंग कसा, एवढं लिहायचं.

शनिवारी दवाखान्यात जाल तेव्हा दोघंही जा. डॉक्टरांना दाबून दाखवायला सांग आणि मग तिथेच त्यांच्यासमोर तुम्ही दोघांनी एकेकदा करून बघा. काय ठरतं ते कळव.

तुझा,
दादा