एकच वार

वीस वर्षे मुलांना मराठी शिकवण्यात गेली. 'वार' म्हणजे दिवस, 'वार' म्हणजे घाव, 'वार' म्हणजे कापडाचे माप, हे मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल! चौथा अर्थ कोशात होता, पण वर्गात तो सांगण्याचा प्रसंग कधी आला नाही. तो मला गेल्या वैशाखात डहाणूला एका डॉक्टरीणबाईंनी शिकवला.

माझी धाकटी बहीण तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. सुट्टीत माहेरी आली होती. बारावा आठवडा. पडद्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "जुळी आहेत. पाणमोटी दोन, पण वार एकच."

आईने ऐकले ते एवढेच, की जुळी आहेत. घरी येताच तिने जुळे केळे कुणी खाऊ घातले याची चौकशी सुरू केली. बिचारे केळे निर्दोष आहे. एकाच बीजाचे दोन जीव होणे हा निव्वळ योगायोग. तो घराण्यातून येत नाही, आणि जगात कुठेही गेलात तरी हजार बाळंतपणांत तीन-चार वेळाच घडतो. बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर वारा दोन. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभंगले तर वार एक. एवढ्याशा उशिराने केवढा फरक पडावा!

तशी दोघे मुलगे तरी असणार, नाहीतर दोघी मुली तरी. कोणते, ते विचारायचे नाही. १९९४च्या कायद्याचा फलक भिंतीवर होताच. आईने तो वाचला आणि तरीही विचारले. बाई नुसत्या हसल्या.

एका वारेवर दोन नाळा असल्या, की दोघांच्या रक्तवाहिन्या वारेवर एकमेकींना मिळतात. बहुधा देवघेव सारखी चालते. पण शंभरात दहा-पंधरा वेळा ती बिघडते. मग एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. देणारे सुकते, त्याच्याभोवतीचे पाणी आटते, आणि घेणाऱ्याच्या हृदयावर भार पडतो. यात घेणाराही सुखी नसतो, हे मला नवीन होते. आईला मात्र ते वेळेवर जाणवेलच असे नाही. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी, आणि तीही मुंबईला.

पहाटे तलासरीहून रिक्षाने किंवा एस.टी.ने डहाणू रोड, तिथून लोकल. २०१३ साली लोकल इथवर आली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते; तिचे खरे मोल यंदा कळले. विरारपर्यंत मी तिची पिशवी सांभाळतो, ती वह्या तपासते.

एकोणिसाव्या आठवड्यात एकीकडचे पाणी साडेतीन सेंटिमीटर भरले, दुसरीकडचे साडेसहा. दोनाच्या खाली आणि आठाच्या वर गेले, की धोका. मग बारीकशी दुर्बीण आत घालून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद कराव्या लागतात. तेही सव्विसाव्या आठवड्याच्या आत. "पंधरवडा नको, आठ दिवसांनी या," तिथले डॉक्टर म्हणाले.

ते आठ दिवस! आषाढाचा पाऊस, आणि मी पेपर तपासताना पंचेचाळिसाचे चोपन्न लिहीत होतो. परतीच्या गाडीत ती एकदाच बोलली.

"दादा, आमच्या शाळेतल्या मुलींच्या आया कुठे जात असतील रे?"

मी गप्प राहिलो. २०२२च्या ऑगस्टात आमच्याच जिल्ह्यात, मोखाड्याच्या एका पाड्यावर, एक बाई सातव्या महिन्यात घरीच बाळंत झाली. जुळी होती; दोन्ही गेली. रस्ता नव्हता, म्हणून तिला झोळीत घालून चिखलातून न्यावे लागले. ती बातमी मी चहा पिता पिता वाचली होती. वाचून पान उलटले होते, हेही सांगून टाकतो.

आठ दिवसांनी आकडे निघाले चार आणि पाच. डॉक्टरांनी मान डोलावली. मी बाहेर येऊन उगाचच दोन वडे खाल्ले.

आता सव्विसावा आठवडा चालू आहे. फेऱ्या संपलेल्या नाहीत. सगळे नीट राहिले तर छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात मोकळी करतील, तीही मुंबईलाच. नवजातांना ठेवायची सोय हाताशी हवी. पहिले बाळंतपण माहेरी नाही, म्हणून आई दोन दिवस जेवताना बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आजीचे जुने नऊवारी लुगडे काढले आणि दुपटी बेतायला घेतली. लुगडे एक, दुपटी दोन. एक वीतभर आखूड निघेल असे तिला वाटते, म्हणून अजून कात्री लावलेली नाही. रोज दुपारी ते अंथरते, मोजते आणि पुन्हा घडी घालून ठेवते.