मोड आणि घडणावळ

खामगावला पाहुणा आला की तो आधी चांदी विचारतो. मी त्याला मेन रोडने फरशीकडे घेऊन जातो आणि वाटेत कापसाची गोष्ट सांगतो. पाहुण्याला ती नको असते. पण मास्तराबरोबर बाजारात जायचे म्हणजे एवढे सोसायलाच हवे!

चांदी काही आमच्या काळ्या जमिनीत पिकत नाही. पिकतो तो कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, विलायतच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला एकाएकी मोल आले. पुढे त्या कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत उण्यापुऱ्या आठ मैलांचा रेल्वेचा फाटा टाकला, अन् १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडायला आले. एवढ्याशा फाट्याला एवढा मोठा माणूस! गाठी मुंबईला गेल्या, पैसा इकडे आला. कास्तकाराने तो पेढीवर ठेवला नाही. बायकोच्या पायांत घातला.

पायांतला दागिना काढायला मात्र वेळ लागत नाही. मृग तोंडावर आला, बियाण्याला पैसे नाहीत, की तोच कास्तकार त्याच रस्त्याने सराफाकडे येतो. दिवाळीत घडणावळ, ज्येष्ठात मोड. मोडीत घट धरतात आणि घडणावळ तर बुडतेच.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आईने आपले तोडे असेच गादीवर ठेवले. म्हणाली, “भाऊ, इतक्यात आटवू नका. दिवाळीला कापूस निघाला की घेऊन जातो आम्ही.”

“बाई, ही मोड आहे, गहाण नव्हे,” सराफ म्हणाले. तरी त्यांनी तोडे एका डबीत घालून वेगळे ठेवले.

त्या वर्षी बोंडे अळीने खाल्ली. कोजागरीला मोठी देवी बसली (इतर गावे दसऱ्याला देवी बोळवतात, आमच्या गावी तिचा उत्सव तेव्हा सुरू होतो), तिच्या दर्शनाला आलो तेव्हा आई मला घेऊन दुकानात गेली. सराफांनी न मागता डबी पुढे केली. आईने ती उघडली, तोड्यांवरून एकदा बोट फिरवले आणि झाकण लावले.

“आता आटवा, भाऊ. तुमचा पैसा किती दिवस अडकवायचा?”

बाहेर येऊन तिने मला चार आण्यांची टिकल्यांची डबी घेऊन दिली. घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

आता दुकानांना काचा आल्या, वजनकाटे विजेचे झाले. रस्त्याची रीत तीच. गेल्या मृगात तिथून जाताना माझ्या वर्गातली एक मुलगी बापाशेजारी बाकावर बसलेली दिसली. मला पाहताच तिने दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले. मी तसाच पुढे गेलो आणि पुढच्या दुकानातून पावशेर सुतळी घेतली. सुतळीचे मला काही काम नव्हते.