मुदखेडचे कवठ आणि चमचाभर चटणी

नांदेडहून पूर्वेकडे निघालेल्या गाडीने अर्ध्या तासाच्या आत आपण मुदखेड जंक्शनला पोहोचता. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक उमरी, धर्माबाद करीत बासरच्या सरस्वतीपाशी गोदावरी ओलांडतो आणि निजामाबादला जातो. दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवटच्या वनप्रदेशातून आदिलाबाद गाठतो. फुलशेतीचा हा तालुका. त्यामुळे प्रवासी मुदखेडची आठवण सांगतात ती बहुधा गुलाबाची आणि झेंडूची. आपण मात्र माघ सरत आला असताना, महाशिवरात्रीच्या आगेमागे येथे उतरलात, तर बाजारात एक वेगळा गंध आपल्याला गाठील. तो आंबूस आहे, गोड आहे, आणि किंचित गुळाच्या ढेपेसारखाही आहे. गोणपाटावर मांडलेल्या करड्या, खरबरीत, लाकडी गोळ्यांपासून तो येतो. ते कवठ.

कवठाची बाग फारशी कोणी लावीत नाही. बीपासून वाढविलेले झाड फळावर यायला वर्षानुवर्षे घेते. तेव्हा लावणारा एक आणि खाणारा दुसरा, असाच त्याचा हिशेब. मराठवाड्यात ते बांधावर, ओढ्याच्या काठी, देवळामागे उभे असते. संस्कृतात याला कपित्थ म्हणतात, आणि गजाननाच्या एका सर्वपरिचित स्तुतिश्लोकात जांभळाच्या जोडीने त्याचे नाव येते. शिवरात्रीला महादेवाला कवठ वाहण्याची प्रथा आहे. एरवी ज्याच्याकडे कोणी वळून पाहात नाही, त्या फळाला वर्षातून एकदा बाजार मिळतो तो या प्रथेमुळे.

पण देवाला वाहिलेले कवठ आणि चटणीचे कवठ यांत एक भेद आपण ध्यानात घ्यावा. सणाच्या घाईत झोडपून उतरविलेली पुष्कळ फळे अर्धकच्ची असतात. त्यांचा गर फिकट, तुरट, जिभेला ओढून धरणारा असतो. कच्च्या कवठाला चरकसंहितेने कंठाला अपायकारक आणि ग्राही, म्हणजे मल बांधणारे, म्हटले आहे. असे फळ फोडले, की गृहिणीचा हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जातो. वाटीभर गराला वाटीभर गूळ, हे प्रमाण अनेक घरी ऐकू येते ते त्यामुळेच. माझ्या मते चटणीचा आरोग्याशी संबंध येतो तो याच जागी; मिक्सर की पाटा-वरवंटा, हा वाद त्यापुढे किरकोळ आहे.

तेव्हा फळ पारखून घ्या. ते वीतभर उंचीवरून फरशीवर सोडावे. चेंडूसारखे उसळले तर कच्चे. धप्प आवाज करून जागीच बसले तर तयार. कवचाला भोक असेल तर घेऊ नये, आत अळी असण्याचा संभव असतो. तयार फळही लगेच फोडण्याची गरज नाही. आठ-पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवले, की गर तपकिरी होतो, मऊ पडतो आणि आंबटपणाला स्वतःची गोडी येते. पंधरा दिवसांचे हे ऊन फुकटचे आहे, आणि तेवढ्याने निम्म्याहून अधिक गूळ वाचतो.

आता कृती. कवठ दगडावर आपटून फोडावे, चमच्याने गर काढावा, जाड शिरा टाकून द्याव्यात. बिया राहू द्याव्यात, त्या दाताखाली बऱ्या लागतात. पिकल्या गराची एक वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, घ्यावी. तिला चिरलेला गूळ पन्नास ग्रॅम, भाजलेले जिरे एक चमचा, लाल तिखट एक चमचा आणि मीठ चवीपुरते. तिखटासाठी याच लोहमार्गावरचे धर्माबाद प्रसिद्ध आहे. तेथील मिरची मिळाली तर हात जरा आखडता ठेवावा. सारे एकत्र वाटावे. पाणी घालू नये. फळ आम्ल असल्याने बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. काचेची बरणी किंवा चिनी मातीचा सट उत्तम. शीतकपाटात आठवडाभर सहज टिकते.

हीच चटणी रुळांच्या पलीकडच्या टोकाला वेगळी होते. तेलुगू घरांत कवठाला ‘वेलगपंडू’ म्हणतात आणि त्याची पच्चडी करतात. तीत मोहरी, उडदाची डाळ आणि सुक्या मिरचीची खमंग फोडणी असते आणि ती गरम भातावर घेतात. सीमेवरच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात दोन्ही भाषा नांदतात. ज्यांना गूळ वर्ज्य करावा लागतो, त्यांनी ही फोडणीची वाट आपलीशी करण्यासारखी आहे.

गुळाविषयी एक गैरसमज घरोघरी आढळतो, की तो साखरेइतका बाधत नाही. रक्तातील साखरेच्या दृष्टीने गूळ ही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचविलेली मर्यादा पाहावी: दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो पाच टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या साखरेतून यावी. प्रौढ माणसाला पाच टक्के म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम, दिवसभराच्या चहासकट. वरच्या प्रमाणाने केलेल्या चटणीच्या दहा ग्रॅमच्या चमच्यात अडीच ग्रॅम गूळ येतो. कच्च्या फळाच्या समसमान चटणीत तो पाच ग्रॅम होतो. घरात मधुमेहाचे आजोबा असतील तर हा फरक लहान नाही. त्यांच्या ताटात चमचा एकच पडावा, आणि तो जेवणासोबत. मुलांना मात्र वाटीने चाटू द्यावी, असेही नाही. बाजारच्या टोमॅटो सॉसमध्येही बहुधा पाव भागाच्या आसपास साखर असते. तेव्हा ‘घरची आहे’ एवढ्यावर चटणीला सूट देता येत नाही. तिचे वैशिष्ट्य हे, की गूळ किती घालायचा ते आपल्या हाती असते.

वाढायची कशी? शिवरात्रीला भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीशेजारी. दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली, की तिच्या पापुद्र्यावर थोडे तेल आणि ही चटणी. कोरड्यास साधे वरण असले तरी चालते. ताटाच्या डाव्या बाजूला, मिठालिंबाच्या रांगेत तिची जागा; वाटी नको, बोटभर पुरे.

परतीच्या गाडीची वेळ झाली असेल, तर एक पिकलेले आणि दोन जून पण न पिकलेली कवठे पिशवीत घ्या. पिकलेले लगेच कामाला येईल. उरलेली दोन गच्चीवर ठेवा, रोज एकदा उलटवा. होळीच्या सुमारास त्यांचा वास जिन्यापर्यंत येऊ लागेल.