खालाचा निर्णय

खालाच्या स्तनात सुपारीएवढी गाठ निघाली. कॅन्सर होता, पण लवकर सापडलेला. डॉक्टर म्हणाल्या, गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढू, मग रेडिएशन. मामू म्हणाले, "नको, सगळंच काढून टाका एकदाचं."

भीती समजते, पण हा प्रश्न केव्हाच सुटलाय. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी अशा बायकांची 20 वर्षं नोंद ठेवली. 2002 मध्ये ते निष्कर्ष छापून आले: पूर्ण स्तन काढा किंवा गाठ, जगण्यात फरक नाही. रेडिएशन मात्र टाळायचं नाही. फिशर यांच्या पाहणीत ते न घेतलेल्या 39 टक्के जणींच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला, घेतलेल्या 14 टक्के.

खड्डा पडू नये म्हणून शेजारचीच चरबी-मांस सरकवून आकार देतात. यावर मामू पुन्हा अडले, "अल्लाहच्या रचनेत ढवळाढवळ?" तेव्हा मौलानांनीच अरफजांची हदीस सांगितली. लढाईत नाक गेलेल्या या सहाबींना पैगंबरांनी (स.) सोन्याचं नाक बसवायला सांगितलं होतं.

"पण या वयात दाखवायचंय कुणाला?" मुमानी पुटपुटल्या.

"मला दिसतं ना, रोज आंघोळीला," खाला पहिल्यांदाच बोलली. मग तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, रेडिएशन रमजानच्या आधी संपेल का?