करार

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. दुपारच्या दोनतीन तासांत वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. मी ज्या लहानशा शाळेत मराठी शिकवतो तिची कौले उडाली आणि पुस्तकांचे कपाट भिजले. टाळेबंदीमुळे शाळा बंदच होती. पुढे उन्हाची तिरीप पडली त्या दिवशी मी ती पुस्तके पडवीत वाळत घातली. शेजारचा सातवीतला मुलगा मदतीला आला होता. एका जाड पुस्तकाची बांधणी ओलीने सुटून त्याचे दोन भाग झाले होते. एकावर अक्षरे होती ‘जुना करार’, दुसऱ्यावर ‘नवा करार’.

“सर, हे ख्रिस्ती लोकांचं देवाचं पुस्तक ना? मग देवानं करार केला तो कसा? स्टँपपेपरवर?”

मला हसू आले, आणि आले तसे विरले. आमच्या घरात स्टँपपेपर हा शब्द चार वर्षे कोणी मोठ्याने उच्चारलेला नव्हता.

वडील वारले २०११ साली. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हक्कसोडपत्रावर सही केली. आपल्याकडे बहिणी करतात तशीच, चहा थंड होऊ देत आणि कागद न वाचता. कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी तिला म्हणालो होतो, “अक्का, कागदावर तू नाव सोडलंस, माहेर नाही. वाडीतले पन्नास नारळ दर भाऊबीजेला मी स्वतः घेऊन येईन. आणि वाडीचं काही करायचं झालं तर तुला विचारल्याशिवाय करणार नाही.” हा करार तोंडी होता. त्याला साक्षीदार नव्हता.

२०१६ साली रस्त्याच्या बाजूचा तुकडा मी मुंबईच्या एका गृहस्थांना विकला. भाव चांगला आला होता. अक्काला विचारले नाही. तिला ते बाहेरून कळले. भाऊबीजेला ती एवढेच म्हणाली, “विचारलं असतंस तर मी नको म्हटलं नसतं रे.”

ती भांडली असती तर बरे झाले असते. मला लाज वाटली, आणि लाज फार दिवस बाळगली की तिचा राग होतो. पुढल्या वर्षापासून मी नांदगावला जाणे सोडले. परीक्षेचे पेपर, कादंबरीची मुद्रिते, पायाचे दुखणे. लेखकाला कारणांची वाण नसते. अक्काकडून मात्र दर दिवाळीत एसटीच्या कंडक्टरबरोबर अनारशांचा डबा येत राहिला. रिकामा डबा मी परत पाठवीत असे. आपल्याकडे डबा रिकामा पाठवीत नाहीत, हेही मला ठाऊक होते.

वादळानंतर आठवडाभराने तीच आली. एसटी बंद होती. भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पोते घेऊन आली. पोत्यात नारळाची पाच रोपे होती. तिच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडालेले होते. “वाडी मोकळी दिसली तर तुला झोप लागणार नाही,” म्हणाली, पाणी प्यायली आणि निघून गेली. रोपे मी लावली. तिने हे का केले, ते मात्र मला उलगडत नव्हते.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझे शिक्षण दहावीपुरते, आणि धर्मग्रंथ म्हणाल तर घरातली पोथी तेवढी माहीत. करार हा शब्द अरबीतून फारशीमार्गे आपल्याकडे आला, शब्दाला पक्का राहणाऱ्याला आपण करारी म्हणतो, एवढे मी त्याला सांगितले. पुढचे विचारायला मी कोर्लईच्या बाईंना फोन केला. त्या पूर्वी आमच्याच शाळेत होत्या, आता निवृत्त.

आमच्या किनाऱ्याची एक गंमत वाचकांना सांगितली पाहिजे. बायबलातले दोन्ही करार आमच्याकडे शेजारी राहतात. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तिथे किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शतकानुशतके ग्रंथ जवळ नसतानाही त्यांनी शनिवार पाळला आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता केली; ती अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचे प्रार्थनामंदिर अजून उभे आहे.

तिथून पंचवीसएक किलोमीटर दक्षिणेला, कुंडलिकेच्या पलीकडे, कोर्लई. पोर्तुगीज १७४० साली चौल-रेवदंडा सोडून गेले. कोर्लईचे ख्रिस्ती राहिले. माउंट कार्मेलच्या मातेचे त्यांचे देऊळ आहे, आणि घरात ते अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. ज्यांच्याकडून ती भाषा आली ते गेले, त्याला पावणेतीनशे वर्षे होऊन गेली.

बाई फोनवर म्हणाल्या, “सर, आपला करार म्हणजे तू दे, मग मी देतो. एकानं मोडला की दुसरा सुटला. देवाचा करार तसा नाही. अब्राहामाची गोष्ट ऐका. त्या काळी करार करायचा म्हणजे जनावरं दुभागून समोरासमोर मांडायची आणि करार करणाऱ्यांनी मधून चालायचं. मी शब्द मोडला तर माझं असं होवो, हा त्याचा अर्थ. अब्राहामानं सगळं मांडलं आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली. मग अंधारात धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. तो देव. एकटाच गेला. अब्राहामाला चालायला लावलंच नाही.”

“आणि नवा करार?”

“माणसं पुन्हा पुन्हा मोडत राहिली, म्हणून यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलं की आता देव करार काळजावर लिहील. शेवटच्या रात्री जेवताना येशूनं प्याला उचलला आणि म्हणाला, हा माझ्या रक्तातला नवा करार. पंगतीला कोण होते? एक त्याला धरून देणार होता, एक नाकारणार होता, बाकीचे पळणार होते. त्याला ते ठाऊक होतं. तरी प्याला त्यानं त्यांच्याच हाती दिला.”

मी म्हणालो, “मग माणसाला मोकळं रानच की, बाई. हवं तसं वागावं.”

त्या क्षणभर थांबल्या. “तुमच्यासाठी कोणी एवढं केलं, तर तुम्हाला हवं तसं वागवेल का, सर?”

फोन ठेवून मी वाडीत गेलो. पाच रोपांना पाणी घातले. मी माझी बाजू मोडली होती आणि अक्काने तिची मोडली नव्हती, एवढा साधा हिशेब चार वर्षे माझ्या ध्यानात आला नव्हता. देवाधर्मातले मला फारसे कळत नाही. पण बाई ज्याला करार म्हणत होत्या, त्याची धग माझ्या ओळखीची होती. ती मी दर दिवाळीला डब्यातून रिकामी करून परत पाठवीत होतो.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी नांदगावला गेलो. रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई मागे पडली, आणि घशाला कोरड पडली. पिशवीत अकराच नारळ होते. उभ्या राहिलेल्या माडांवर तेवढेच मिळाले. पाटावर बसल्यावर मी म्हणालो, “अक्का, जमीन विकताना तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

ती निरांजनाची वात पुढे सारत होती. म्हणाली, “टोपी घाल आधी. उघड्या डोक्यानं ओवाळून घेतात का?”

अकरा नारळ तिने कोनाड्यात ठेवले. मोजले नाहीत.

यंदा त्या पाचांतल्या एका माडाला पहिली पोय आली आहे. अक्का बघायला येणार आहे.